रिकाम्या ट्रेचा दिवस

आप्पांच्या उबवणी केंद्रात शिरायचं म्हणजे आधी दाराशी ठेवलेल्या घमेल्यात पाय बुडवायचे. घमेल्यात औषधाचं जांभळं पाणी. गिऱ्हाईक असो, जावई असो, नाहीतर कुठल्या खात्याचा साहेब असो, पाय बुडवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. एकदा एका साहेबाने नवे बूट भिजतील म्हणून कां-कूं केलं, तर आप्पांनी त्याला नव्या बुटांसकट उन्हात उभं करून काय ते बोलणं उरकलं. एवढा कडक माणूस, आणि तरी त्या वर्षी कोंबड्यांत साथ शिरलीच. बघता बघता अख्खी शेड रिकामी झाली.

नुसत्या कोंबड्या गेल्या असत्या तर माणूस हळहळला असता आणि कामाला लागला असता. पण ती आप्पांनी निवडून निवडून, आयुष्य घालून तयार केलेली जात होती. तांबूस, लहान चणीची, मूठभर दाण्यावर भागवणारी, ऊन-थंडी काही न म्हणणारी. दुसरीकडे मागून मिळायची नाही. उरली होती ती थंड खोलीतली चार ट्रे अंडी, साथीच्या आधी गोळा केलेली. डॉक्टरांनी तपासून ती निर्धोक आहेत म्हणून सांगितलं. पण अंडं ही काही कपाटात जपून ठेवायची वस्तू नव्हे. आठवड्याभरात ती उबवायला लावायची, एकवीस दिवसांनी पिल्लं निघाली तर जात वाचली, नाही निघाली तर संपलं.

हे सगळं आता बेबीच्या गळ्यात होतं. बेबी म्हणजे आप्पांची धाकटी. पन्नाशीला टेकली तरी बेबीच. तिचं खरं नाव घेतलं तर तीच मागे वळून बघेल, कोणाला हाक मारली म्हणून. आई गेली, थोरला दादा घर सोडून गेला, आप्पांच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. कान मात्र आप्पांचे अजून तिखट होते.

उबवणीचं मोठं कपाट गरम ठेवायचं काम त्याच्या स्वतःच्या यंत्राकडे होतं. पण आतली अंडी तासातासाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवावी लागतात, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. ते वळवायचं काम कोपऱ्यातल्या एका जुनाट कॉम्प्युटरकडे होतं. कुणाच्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला. घरात त्याचं नाव डबडं. दादाने तो आणला, तेव्हा त्याच्यावरची मूळची प्रणाली त्याला पेलवत नव्हती. अंगापेक्षा बोंगा जड. दादाने ती पुसून हलकं लिनक्स घातलं, आणि डबडं तरतरीत उठून बसलं. तासातासाला खट् करून मोटर सुरू व्हायची, घर्रर्र करून ट्रे कलायचे. काही बिघडलं तर घंटा वाजवायची, ट्रेंचे फोटो काढून ठेवायचे, हेही त्याचंच काम.

आणि त्याच डबड्यापायी दादा घराबाहेर गेला होता. चार वर्षांपूर्वी कपाटात अंडी असताना त्याने अपडेट लावलं. अपडेट अर्ध्यात अडकलं, डबडं काही उठेना, घंटाही मुकी. दादा परगावी गेलेला. सकाळी बघतात तर सगळी खेप चिकटून मेलेली. आप्पांचा राग म्हणजे काय विचारता! "माझ्या उंबऱ्यात पुन्हा पाय ठेवू नकोस," म्हणाले. दादाही त्यांचाच मुलगा, तितकाच हट्टी. "या डबड्याला जन्मात हात लावणार नाही," म्हणाला आणि निघाला. आता कुठेशी मालट्रक चालवतो, एवढंच कानावर होतं. आप्पांसमोर त्याचं नाव काढायची सोय नव्हती, आणि बेबीने कधी काढलंही नाही.

डबडं मात्र त्यानंतर एक दिवसही अडलं नाही. बेबी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, "गुणी आहे बाई. नुसता फडका मारते, बाकी काही बघावं लागत नाही."

एक दिवस उबवायला दिलेल्या आपल्या अंड्यांची पिल्लं न्यायला आलेली बाई पाय बुडवता बुडवता सांगू लागली. तिच्या भावाच्या शीतगृहाचा कॉम्प्युटर कुठल्याशा चोरांनी बाहेरून कुलूपबंद केला. ना दार फोडलं, ना खिडकी. वायरीतून आले. सगळा माल कुजला.

"तुमच्या डबड्याला इंटरनेट आहे का हो?" बाईने विचारलं.

"आहे," बेबी म्हणाली, आणि आतल्या डबड्याकडे वळून पाहिलं.

त्या दिवसापासून बेबीचं अन्नपाण्यावरचं लक्ष उडालं. कामं उरकून ती फोनवर व्हिडिओ बघायची. पासवर्ड बदला, नको ती दारं बंद करा, अपडेट वेळेवर लावा, कोण आत येऊन गेलं ते पाहा. अर्धं कळायचं, अर्धं डोक्यावरून जायचं. शेवटी जिवाचा हिय्या करून तिने डबड्याची ती हुकूम लिहायची काळी खिडकी उघडली आणि आत कोण येऊन गेलं ते विचारलं.

ती स्वतः त्या खिडकीत कधी शिरली नव्हती. तरी तिथे ओळींमागून ओळी. कोणीतरी बाहेरून येत होतं. महिन्यातून एखादवेळी, दुपारच्या जेवणानंतर. तास-दीड तास आत राहायचं आणि जायचं. एकदा तर आलं, आणि मिनिटभरात मागे फिरलं.

"अगं आई गं," बेबी खुर्चीतच खचली. टेहळणी! चार वर्षं कोणीतरी आपल्या घरात बसून आहे, आणि आपण फडका मारतोय. दादाचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि गेला. ज्याने जन्मात हात लावणार नाही म्हटलं, तो कशाला येईल? आणि आला असता तर बहिणीला एका शब्दाने बोलला नसता?

मग तिने काय केलं ते ऐका. व्हिडिओ थांबवत, पुन्हा लावत, एकेक अक्षर तपासत तिने पासवर्ड बदलला. सुरक्षेची भिंत उभी केली. बाहेरून आत यायच्या जुन्या चाव्या दिसल्या त्या काढून टाकल्या. फक्त अपडेट लावायला तिचा हात धजेना. ते बटण बघितलं तरी तिला ती मेलेली खेप आठवायची.

दोन दिवसांनी रिकाम्या ट्रेचा दिवस आला. म्हणजे आधीची पिल्लं निघून गेली की कपाट बंद करायचं, गार होऊ द्यायचं, ट्रे उचलून धुवायचे, खोली औषधाने पुसायची. त्या दिवशी आप्पा नेमाने जेवण झालं की डबड्याशेजारी स्टूल टाकून बसायचे. धुण्याचं पाणी अंगावर उडायचं, तरी हलायचे नाहीत. म्हातारपणी माणसाला काहीतरी खूळ लागतंच, म्हणून बेबीने कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशीही बसले. बेबीने धुणं उरकून काळी खिडकी पाहिली, तर बाहेरून कोणीतरी तीनदा दार वाजवून गेलं होतं. तीनदा चुकीचा पासवर्ड, आणि मग सामसूम.

"बस बोंबलत!" बेबी स्क्रीनला म्हणाली. कित्येक दिवसांनी ती पोटभर जेवली.

आप्पा मात्र संध्याकाळपर्यंत स्टुलावरच होते. चहा निवून गेला.

"आज मशीन बंद होऊन चालू नाही झालं?" त्यांनी विचारलं.

"कशाला होईल? मी सगळं नीट बंदोबस्तात ठेवलंय."

"बरं," आप्पा म्हणाले आणि भिंतीचा आधार घेत उठले. कोंबड्यांच्या दुःखाने खचलेत, असं बेबीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी चार ट्रे अंडी कपाटात गेली. बेबीने स्वतः एकेक अंडं टोक खाली करून लावलं. आप्पांनी दाराला हात लावून म्हटलं, "एकवीस दिवस कोणी शिंकायचंसुद्धा नाही इथे."

पहिला आठवडा सुरळीत गेला. अंधारात दिवा लावून अंडी पारखली, तर आत लाल शिरांचं जाळं दिसलं. बेबीने आप्पांचा हात धरून त्यांना सांगितलं, "धरलाय जीव." आप्पा त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

मग डबडं कुरकुरायला लागलं. आधी फोटो उशिरा उमटायला लागले. मग बाण हलवला की थोड्या वेळाने हलायचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पिवळं चिन्ह येऊन बसलं. बेबी त्याच्याकडे बघायची आणि नजर चुकवायची. अंडी आत आहेत. हात लावायचा नाही. ती दिवसातून दहा वेळा खोलीत यायची, मोटरचं खट् ऐकायची आणि जायची. भाजी चिरताना ऐकायची, कपडे वाळत घालताना ऐकायची. तिला वाटायचं, तो चोर परत आला. मग वाटायचं, आपणच काहीतरी मोडून ठेवलं. कुणाला सांगायचं? आप्पांना सांगावं तर त्यांचा धीर खचायचा, आणि दुसरं होतं कोण?

एका सकाळी ती दाणा मोजत होती, तर आतून आप्पांची हाक आली. "बेबे! अंड्यांनी कूस बदलली नाही गं!"

"आत्ता तर बदलली ना?"

"उठल्यापासून नाही. मी कान देऊन बसलोय."

बेबी धावली. घाईत घमेलं विसरली, परत फिरली, पाय बुडवले. आत कपाट गरम होतं, दिवे लागलेले, सगळं जागच्या जागी. फक्त ट्रे एकाच अंगाला कललेले, गप्प. घंटा वाजली नव्हती. वाजणार कशी? वाजवणारं डबडंच अडून बसलं होतं. स्क्रीनवर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती. डिस्कवर जागा शिल्लक नाही.

"दांडा," आप्पा म्हणाले. "मोटर सोडव आणि दांडा लाव. हाताने फिरवू."

दोघांनी मिळून दांडा लावला. गंजलेला, जड. आप्पांनी दोन्ही हातांनी तो ओढला आणि ट्रे कुरकुरत दुसऱ्या अंगाला गेले. बेबी कपाटाला टेकून उभी राहिली आणि तिला रडूच कोसळलं.

"माझं चुकलं, आप्पा. चोर येत होता म्हणून मी कुलपं बदलली. तेव्हापासून हे असं झालं."

"चोर कधी यायचा?"

"महिन्यातून एकदा. जेवणं झाली की."

"कुठल्या दिवशी?"

बेबी सांगायला गेली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. प्रत्येक वेळी रिकाम्या ट्रेच्या दिवशी. कपाट गार असताना. आणि तो एकदा येऊन मिनिटभरात मागे फिरला होता, त्या खेपेला पिल्लं एक दिवस उशिरा निघाली होती. म्हणजे आत आला, अंडी अजून आत आहेत हे ट्रेंच्या फोटोंत बघितलं, आणि कशालाही हात न लावता निघून गेला. गुणी डबडं, गुणी डबडं म्हणून आपण मिरवलं, आणि त्याचं सगळं करणारा वेगळाच होता.

"आप्पा," ती कशीबशी म्हणाली, "तो दादा होता."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला? कधीपासून?"

"पहिल्या खेपेपासून. अपडेट संपलं की मशीन बंद होऊन चालू होतं, तेव्हा टुण करतं. डोळे गेलेत, कान नाही." आप्पा दांड्यावर हात ठेवून उभे होते. "ट्रे रिकामे होईपर्यंत थांबणारा चोर असतो का कुठे?"

"मग बोलला का नाहीत हो? चार वर्षं?"

"बोललो असतो तर येऊ नको म्हणावं लागलं असतं. तोंडातून शब्द गेला होता ना माझ्या, मूर्खासारखा." त्यांनी दांड्यावरचा गंज अंगठ्याने खरवडला. "त्या दिवशी वाजलं नाही, तेव्हा मला वाटलं पोरगा कंटाळला. नाहीतर त्याचं काही बरंवाईट झालं. ती भीती कोणाला सांगू मी?"

बेबीने डोळे पुसले आणि फोन काढला. नंबर चार वर्षं जपून ठेवलेला होता, लावला कधीच नव्हता. घंटी गेली, आणि पलीकडून ट्रकच्या घरघरीतून आवाज आला. "बेबे? आप्पा बरे आहेत ना?"

"आप्पा बरे आहेत. डबडं भरलं."

पलीकडे गाडी कडेला लागल्याचं ऐकू आलं. "अंडी आत आहेत?"

"शेवटची अंडी आहेत, दादा. कोंबड्या सगळ्या गेल्या. आम्ही हाताने फिरवतोय. तुला नवा पासवर्ड सांगते, तू ये आत आणि कर काय ते."

"नाही. अंडी आत असताना मी हात लावणार नाही." इतक्या पटकन म्हणाला की बेबी दचकली. "तू कर. मी सांगतो. प्रत्येक ओळ लिहायची, मला वाचून दाखवायची, मोकळी जागा कुठे आहे तेसुद्धा सांगायचं. मी हो म्हटल्याशिवाय एंटर दाबायचं नाही."

फोन स्पीकरवर ठेवला. आप्पा दांड्याशी, बेबी खुर्चीत. ट्रेंचे जुने फोटो साठून साठून डिस्क तुडुंब झाली होती. ते पुसायचे होते. बेबीने पुसायची ओळ लिहिली, बोट ठेवून वाचली. "मग तिरकी रेघ, मग मोकळी जागा, मग फोटो..."

"थांब!" दादा ओरडला. "हात काढ. एंटरवरून हात काढ. काढलास?"

"काढला."

"तिरक्या रेघेनंतर मोकळी जागा नको. तशी दाबली असतीस तर सगळं डबडं पुसायला निघालं असतं."

बेबीने ती मोकळी जागा खोडली, पुन्हा वाचून दाखवलं. पुन्हा एकदा. दादाने हो म्हटल्यावरही तिचं बोट क्षणभर अधांतरी राहिलं. मग तिने दाबलं.

काही झालं नाही. मग पिवळं चिन्ह गेलं. दादाने आणखी एक ओळ सांगितली, ती लिहिली, आणि खट् करून मोटर वाजली. आप्पांनी दांडा सोडला, खाली बसले.

"हे फोटो तूच पुसायचास ना?" बेबीने विचारलं. "दर खेपेला?"

"हं."

"आपोआप पुसले जातील अशी सोय करता येते म्हणे. मी व्हिडिओत बघितलं."

"येते की. पाच मिनिटांचं काम आहे."

"मग का नाही केलीस रे? केवढ्याला पडलं असतं!"

"मग मला यायला कारण काय उरलं असतं?" दादा म्हणाला. "उंबऱ्यात पाय ठेवायचा नव्हता. पाय नाही ठेवला मी."

आप्पा ऐकत होते. उठून कपाटाच्या दाराला हात लावून उभे राहिले.

उरलेले दिवस बेबीने कसे काढले ते तिचं तिला माहीत. दादाचा रोज सकाळी फोन यायचा, आणि रोज एकच प्रश्न, "जागा किती उरली?" एकविसावा दिवस गेला आणि कपाटात चिवचिव नाही. बेबीने आशा सोडली. आप्पा कपाटाला कान लावून बसून राहिले. बाविसाव्या दिवशी सकाळी तेच म्हणाले, "टोचतंय गं कोणीतरी." चार ट्रेंतल्या निम्म्याहून थोड्या जास्त अंड्यांतून पिल्लं निघाली, ओलीचिंब, तांबूस. बाकीची चिकटून गेली होती. ती बेबीने आप्पांना न सांगता पुरली, आणि आप्पांनीही विचारलं नाही. पण जात वाचली होती.

पुन्हा रिकाम्या ट्रेचा दिवस उजाडला. बेबीने नवा पासवर्ड दादाला आधीच कळवला होता. आत येणाऱ्याला पहिली ओळ दिसेल तिथे तिने लिहून ठेवलं होतं, "दादा, कपाट गार आहे. कर काय करायचं ते." जेवणं झाली. आप्पा स्टुलावर येऊन बसले. बेबी ट्रे घासत होती आणि कान डबड्याकडे. एक ट्रे झाला, दोन झाले. टुण नाही. तिने हात पुसून खिडकी पाहिली, आत कोणी आलेलं नव्हतं. रस्त्यात काही झालं असेल का? पासवर्ड चुकीचा सांगितला का? पुन्हा काहीतरी बंद करून बसलो का आपण? आप्पांकडे बघायचा तिला धीर होईना.

मग दारात सावली पडली. दादा होता. केस पांढरे झालेले, चपला हातात, घमेल्याच्या अलीकडे उभा.

"अपडेट लावायचं होतं," तो बेबीला म्हणाला.

"ते वायरीतून नसतं झालं?"

"झालं असतं," दादा म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.

"कोण आहे?" आतून आप्पांनी विचारलं. मग त्यांनी मान वळवली, जिथे त्यांना नुसता उजेडाचा चौकोन दिसत असणार तिकडे.

"दार उघडं टाकून काय उभा राहिलास? माशा येतात आत," ते म्हणाले. "पाय बुडव आणि ये."

दादाने एक पाय घमेल्यात ठेवला, मग दुसरा. आणि तिथेच खाली मान घालून उभा राहिला. खांदे हलत होते. निघेचना बाहेर.

"आता काय आंघोळ करणार आहेस त्यात?" आप्पा आतून ओरडले. "ये की रे लवकर. कधीचा बसलोय मी."